निम्मा चौकोन

रत्नाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला, दाराकडे एकदा वळून पाहिलं आणि काळ्या डबीवरचा तांदळाएवढा स्विच नखाने खाली ओढला.

डबी त्यांच्या लेकाच्या, विक्रमच्या, लाकूड कोरायच्या मशीनची. अमेरिकेतल्या या नेपरव्हिलच्या बर्फात माणसं घरात हीटरपाशी गप्पा मारत बसतात. इथे मात्र लेक आणि त्याचा सासरा गराजमध्ये कोंडून घेऊन मोटरचे हिशोब मांडत. एका फेरीत मोटर किती पावलं टाकते, तेवढ्यात स्क्रू किती सरकतो, म्हणजे मिलिमीटरला पावलं किती. एकेका पावलाचे तुकडे किती करायचे ते हे स्विच ठरवतात, असं व्याही मोरेश्वरराव जेवताना सांगत होते. रत्नाबाई चौथी शिकलेल्या, पण कान तिखट.

लेकासाठी म्हणून सात समुद्र ओलांडून आल्या त्या. आणि लेक ‘बाबा हे बघा, बाबा ते बघा’ करत व्याह्यांच्या मागे. ज्याला बाबा म्हणायचं तो माणूस हार घालून फोटोत बसलाय. तो होता तेव्हा पोराने त्याला चार शब्द कधी धड विचारले नव्हते. मुलीच्या बापाने वरमाईचा मान ठेवायचा, की तिचा मुलगाच पळवायचा?

दुपारी मशीनने दहा सेंटिमीटरचा चौकोन पाचाचा कोरला. रत्नाबाई मेथी निवडत कान लावून होत्या. आता वाजेल दोघांचं, उतरेल हे बाबांचं खूळ.

“बाबा, स्विच चेक केले ना?”

“केले. ठीक आहेत. गणितच पहिल्यापासून मांडू.”

“मांडू या. मी मीटिंग कॅन्सल करतो.”

घ्या! आईला देवळात न्यायचं तर याची मीटिंग कधी हलली नव्हती. त्या दिवशी चहासुद्धा गराजमध्ये मागवला गेला. दुसऱ्या दिवशी तेच. देवाने द्यावं ते व्याह्यांच्याच पदरात.

तिसऱ्या सकाळी मोरेश्वरराव स्वयंपाकघरात एकटे सापडले.

“काय व्याहीबुवा, चूक गावेना का? जन्मभर कॉलेजात शिकवलंत म्हणे.”

मोरेश्वररावांनी कप खाली ठेवला. “गावली, विहीणबाई. पहिल्याच दिवशी. एक स्विच खाली आला होता. गराज झाडल्यावर.”

रत्नाबाईंचा हात साखरेच्या डब्यातच राहिला.

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर मशीन लगेच चाललं असतं.” ते बशीची कड पुसत राहिले. “मशीन चाललं की विक्रमला माझं काय काम? राधिका माझीच लेक, पण घरी येते तीसुद्धा फोन कानाला लावून. इतकं समोर बसून कुणी बोललंय माझ्याशी, असं आठवत नाही.”

‘म्हणून माझा लेक घ्यायचा?’ हे रत्नाबाईंच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी चहात साखर घातली. घातलेलीच होती, तरी पुन्हा घातली.

“बाबा, येताय ना?” गराजमधून विक्रमची हाक आली. “काहीतरी बेसिकच चुकतंय यार आपलं!”

मोरेश्वरराव उठले नाहीत. नुसते विहीणबाईंकडे बघत राहिले.

रत्नाबाईंनी पदर खोचला.

“येतायत!” त्या ओरडल्या. “आणि विक्रम, तिथे एक खुर्ची जास्तीची मांड. मलाही बघू दे, कुठे चुकतंय तुमचं.”