बाया पळणार आहेत

दुरून पाहिलंत तर मी धोतऱ्याच्या फुलासारखा दिसतो, मित्रांनो. जवळ आलात की कळेल, हा तर जागोजागी पोचे पडलेला जुना भोंगा आहे. माझा जन्म जुन्या जालन्यातल्या एका बोळात झाला. तिथल्या कारागिराने मला ठोकून ठोकून गोल केलं, शेवटी माझ्या कडेला टिचकी मारली आणि म्हणाला, "खणखणीत!" आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतलं तातेरावांनी. हसनाबादच्या अलीकडे त्यांचं गाव. मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा. आवाज असा, की त्यांनी रिक्षात बसून "ऐका हो ऐका" म्हटलं की शेतातले बैलही माना वर करत. लग्न, बारसं, निवडणूक, हरवलेली म्हैस, सगळं गावाला माझ्यातूनच कळायचं. मग डीजे आला. लोकांना ते कपाटाएवढे खोके आवडू लागले आणि मी मागच्या पडवीत जाऊन पडलो. तिथे एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. खोटं कशाला सांगू, पिल्लं बाहेर आली तेव्हा मला बरं वाटलं. निदान माझ्यातून आवाज तरी निघाला!

अशात एक दिवस सुमेधा सिस्टर आल्या. त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स. गुडघे धरून येणाऱ्या बायांना गोळ्या देऊन देऊन त्या कंटाळल्या होत्या. म्हणून त्यांनी गावात धावण्याची शर्यत भरवायचं ठरवलं. चावडीपासून नदीच्या पुलापर्यंत आणि परत. पुरुषांची वेगळी, बायांची वेगळी. सरपंच सर्जेराव पुरुषांच्या शर्यतीला लगेच हो म्हणाले. बायांचं नाव निघताच त्यांनी डोकं खाजवलं.

"सिस्टर, एक बी बाई आली न्हाई तर गावाचं हसं होईन. मंग पुढच्या साली बायांच्या शर्यतीचं नाव काढायचं न्हाई. बोला, कबूल?"

"कबूल," सिस्टर म्हणाल्या आणि थेट तातेरावांकडे आल्या. मोबाइलवर पाठवलेला निरोप बायांपर्यंत पोचतच नव्हता, कारण मोबाइल नवऱ्यांच्या खिशात. तेव्हा कुठे माझी आठवण झाली.

तातेरावांनी माझ्यातली पिसं काढली, मला पुसलं आणि रिक्षाच्या टपावर बांधलं. माझी वायर मात्र एका जागी उंदराने कुरतडली होती. "चालतंय की," म्हणत त्यांनी तिला नुसता पीळ दिला. आम्हा वस्तूंना कुठे नाही म्हणता येतं?

रिक्षा निघाली. तातेराव माइकमध्ये म्हणत होते, "रविवारी सकाळी गावातल्या बाया शर्यतीत पळणार आहेत! नवऱ्यांनी काळजी करावी असं काहीच नाही! सुमेधा सिस्टर सोबत आहेत!" पण रस्ता पडला खड्ड्यांचा. रिक्षा आदळली की वायर सुटायची आणि शब्द गळायचे. गावाच्या कानावर पडलं ते असं:

"रविवारी सकाळी गावातल्या बाया... पळणार आहेत! नवऱ्यांनी काळजी करावी... सुमेधा सिस्टर सोबत आहेत!"

दुपारपर्यंत गावात एकच गोंधळ. कुणी आईला दाराशी पहाऱ्याला बसवलं, कुणी बायकोच्या चपला लपवल्या. एकाने तर सासुरवाडीला फोन लावून विचारलं, "तिकडं आली तर न्हाई ना?" बायको त्याच्या मागेच भाकरी थापत होती.

संध्याकाळी पुरुषांचा घोळका सिस्टरांच्या दारात. "हे काय आयकून राह्यलो आम्ही?" सर्जेरावांनी विचारलं. सिस्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा सगळे ओशाळले. पण मनातली धास्ती काही जाईना. घरोघर बायांना तंबी मिळाली, कुणी पळायला जायचं नाही. सिस्टरांचा चेहरा उतरला. तातेराव मान खाली घालून घरी आले आणि निमूटपणे माझी वायर नीट जोडत बसले.

रविवारी सकाळी मला घेऊन ते निघणार, तोच त्यांच्या बायको केशरबाई पदर खोचून, लेकीचे बूट घालून दारात उभ्या.

"तू कुठं चालली?"

"पळायला. तुम्हीच तर गावभर सांगून राह्यले!"

केशरबाई भर गल्लीतून ताठ मानेने निघाल्या. खुद्द पुकारणाऱ्याचीच बायको निघाली म्हटल्यावर एकीने कडी काढली. दुसरीने पहाऱ्यावरच्या सासूला ओलांडलं. ती सासू, चांगुणाबाई, उठून म्हणाली, "थांब गं, मी बी येते!"

चावडीपुढे बायांची रांग लागली. लक्ष ठेवायला नवरे मोटारसायकली घेऊन हजर. "गाड्या बंद!" सिस्टरांनी दटावलं. "यायचं तर पायी या, तीच तुमची शर्यत." मग तातेरावांनी माइक उचलला आणि मी गरजलो, "पळा!" पुढे बाया, मागे नवरे, नवऱ्यांच्या मागे गावची कुत्री.

पुलाच्या आधीच निम्मे नवरे बाभळीखाली बसले. रोज शेत गाठणाऱ्या बायांना तेवढ्या वाटेचं काय? ऐटीत निघालेल्या सरपंचांना परतीला चांगुणाबाईंनी मागे टाकलं, तेही डोक्यावर गवताचा भारा घेऊन. "पुलाखाली चांगलं गवत दिसलं," त्या म्हणाल्या. "रिकामी कशाला येऊ?"

पण सगळ्यांच्या आधी चावडी गाठली केशरबाईंनी. तातेरावांनी माइक तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. गावच्या साऱ्या नवऱ्यामुलींची नावं त्यांनी पुकारली होती, पण स्वतःच्या बायकोचं नाव चारचौघांत कधी घेतलं नव्हतं.

"पहिला नंबर... आमच्या घरच्यांचा," ते पुटपुटले.

"आयकू न्हाई आलं!" बाया ओरडल्या. "नाव घ्या! नाव घ्या!"

तातेरावांचे कान लाल झाले. त्यांनी डोळे मिटले.

"पुलापासून चावडीपर्यंत उडवून दिली धूळ,
केशरचं नाव घेतो, गेलं माझं खूळ!"

चावडीपुढे अशी आरोळी उठली, की माझाच आवाज मला ऐकू येईना. केशरबाईंनी झटकन पाठ फिरवली. पळून आलेल्या बाईचं तोंड लाल होतंच, असं त्या मागाहून सगळ्यांना सांगत होत्या.

सर्जेराव सर्वांत शेवटी पोचले. तांब्याभर पाणी पिऊन म्हणाले, "सिस्टर, पुढच्या साली बायांची शर्यत बिलकुल ठेवा. पुरुषांचीच तेवढी जरा जवळ ठेवा."

आता मी ओसरीत खुंटीवर असतो, तोंडाला स्वच्छ फडकं बांधून. केशरबाई चार जणींना घेऊन रोज पहाटे पळायला जातात. तेवढा वेळ तातेराव दुधावर लक्ष ठेवतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसत जा, त्यांच्या वायरी वेळच्या वेळी बघत जा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरातली आई, आजी, वहिनी पळायला निघाली, तर तेवढा वेळ दूध तुम्ही सांभाळा. आणि गॅस बारीक ठेवा. तातेराव विसरतात.