कडीतलं शेवटचं कुलूप

पाच वाजून दहा मिनिटांनी साहेबांनी पहिल्यांदा कटर मागितला, आणि मिस्त्री नाही म्हणाले.

तिथून भांडण सुरू झालं. भांडण म्हणजे एकट्या साहेबांचंच. मिस्त्री आपले पीठ मळायच्या मोठ्या यंत्राच्या मेन स्विचपुढे स्टूल टाकून बसले होते आणि हूं की चूं करत नव्हते. स्विचच्या दांड्याला लोखंडी कडी होती, कडीला सहा भोकं. यंत्राच्या पोटात उतरायचं तर आधी वीज बंद करायची, आणि ज्यानं त्यानं आपापलं कुलूप त्या कडीत अडकवून किल्ली खिशात घालायची. चार माणसं आत, तर चार कुलपं. शेवटचं कुलूप निघाल्याशिवाय दांडा वर जात नाही, आणि ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो मालक का असेना. फारच अडलं, तर तो माणूस कुठं आहे ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच कटर हातात घ्यायचा.

त्या दुपारी तेल गळतं म्हणून तिघं आत उतरले होते. दोघांची कुलपं निघाली. तिसरं, लाल, अजून लटकत होतं आणि त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: मॅडम.

मॅडम म्हणजे कुणी मोठ्या बाई नव्हेत. बारावीत शिकणारी मुलगी ती. शाळेनं या पावाच्या कारखान्याशी बोलून सहा मुलं पाठवली होती. तीन दिवस वर्गात बसायचं, तीन दिवस इथं येऊन काम शिकायचं. पहिल्या दिवशी तिनं बसण्याआधी स्टूल रुमालानं पुसलं, आणि मिस्त्री म्हणाले, "या मॅडम, बसा." झालं! तेव्हापासून वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळे तिला मॅडमच म्हणायला लागले. नववीत गणितात आपटी खाल्लेली, वर्गात कुणाच्या खिजगणतीत नसलेली ही पोर इथं आली आणि महिन्याभरात नुसत्या आवाजावरून सांगायला लागली, "काका, डावीकडचं बेअरिंग गेलंय." मिस्त्रींनी तीस वर्षांत बरीच पोरं शिकवली. असा कान एकाचाही नव्हता.

प्रत्येक मुलाची एक वही असे. आज काय केलं ते रोज लिहायचं, खाली मिस्त्रींची सही घ्यायची. शेवटच्या पानावर एकच ओळ छापलेली होती: 'या विद्यार्थ्यावर एकट्याने काम सोपवता येईल.' त्या ओळीखाली या शुक्रवारपर्यंत मिस्त्रींची सही झाली, तर शाळा संपताच फिटरच्या हाताखालची एक जागा मिळणार होती. एकच जागा. मिस्त्रींनी सकाळीच तिला सांगितलं होतं, "संध्याकाळी वही टेबलावर ठेवून जा." तिला अर्थ कळला होता. दिवसभर पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. चार वाजता शाळेच्या बसनं हॉर्न दिला, तिनं वही ठेवली आणि पळाली. किल्ली खिशातच राहिली.

"अहो, ती गेली घरी! वॉचमननं बसमध्ये चढताना पाहिलंय!" साहेबांनी मजला डोक्यावर घेतला होता. "तुम्ही स्वतः टॉर्च मारून आत पाहिलंत ना?"

"पाहिलं. दोनदा पाहिलं."

"मग?"

"तरी नाही."

"मिस्त्री, सहा वाजताच्या गाड्या उभ्या आहेत. त्यात दवाखान्यांचा पाव जायचाय. तिकडं भिजवलेलं पीठ फुगून बाहेर यायला लागलंय. तुमच्या हट्टापायी फेकून द्यायचं का ते?"

"फेकावं लागेल."

साहेब तसे वाईट नव्हते. पण गाड्या उभ्या राहिल्या की वरून त्यांनाच बोलणी बसायची, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुलीचा फोन बंद होता. आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची, तिथं फोन वाजला तरी ऐकू जात नसे. एका कामगाराला स्कूटरवर घरी पिटाळलं, तर घराला कुलूप. साहेब दुसऱ्यांदा कटर मागायला आले, तिसऱ्यांदा तर स्वतःच घेऊन आले. मिस्त्री उठले आणि कडीपुढे उभे राहिले.

"साहेब, माझ्यावर रिपोर्ट लिहा. घरी पाठवा. पण हे कापायचं नाही."

बाकीचे कामगार एकमेकांकडे बघत होते. कुणी हळूच म्हणालंसुद्धा, "म्हातारा हटून बसला की संपलं." मिस्त्रींनी ऐकलं. त्यांच्या पाठीला घाम सुटला होता, आणि तो काही भट्टीच्या उकाड्यानं नव्हता.

साडेसहाला मुलगी आली. गणिताच्या शिकवणीत सापडली होती. मागोमाग धापा टाकत तिची आई, कामावरचा एप्रन तसाच अंगात. मुलीचा चेहरा पांढराफटक. ती थेट कडीपाशी गेली. किल्ली दोनदा कुलपाच्या बाहेरच आपटली. कुलूप निघालं. मिस्त्रींनी पुन्हा एकदा खाली उतरून पाहिलं, सगळ्यांना मागं केलं आणि दांडा वर केला. यंत्र घरघरलं. तोवर पीठ वाया गेलं होतं आणि दोन गाड्या रिकाम्या परतल्या होत्या.

मग चौघंजण दुरुस्तीच्या खोलीत आले. टेबलावर मुलीची वही तशीच होती.

"उद्यापासून हिला पाठवू नका असं मी शाळेला कळवणार आहे," साहेब म्हणाले.

"अहो साहेब, असं कसं?" आई कळवळली. मग मिस्त्रींकडे वळली. "मिस्त्री, लेकरू आहे हो. एवढी चूक पदरात घ्या. कुणाला साधं खरचटलंही नाही. एवढ्याशा कुलपापायी तिचं वर्ष बुडवू नका."

मिस्त्री वहीकडे बघत राहिले. मुलगीच बोलली, रडं आवरत. "काका, मी आत नाही हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं. खात्री होती."

"मग कापलं का नाही?"

मिस्त्रींनी खुर्ची ओढली आणि बसले.

"त्या वेळीही खात्री होती," मिस्त्री म्हणाले. "मी पंचविशीत होतो. हा कारखाना नव्हे, दुसरा. माझ्या जोडीला एक फिटर होता. कामाला वाघ, पण विसराळू. कुलूप लटकवून खुशाल घरी जायचा. एकदा गेला, आम्ही कापलं. पुन्हा गेला, पुन्हा कापलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून चहा उकळला. तिसऱ्यांदा तर आम्ही हसत हसतच कटर आणला. चौथ्या वेळी कुलूप दिसलं. तिथले साहेब म्हणाले, गेला असेल नेहमीसारखा. वॉचमन म्हणाला, मी पाहिला जाताना. आत वाकून पाहिलं, कुणी नव्हतं. कापलं आणि दांडा वर केला."

भिंतीपलीकडे यंत्र पीठ मळत होतं. मिस्त्री थांबले, तेव्हा त्याचा आवाज खोलीत भरून राहिला.

"तो यंत्राखालच्या खड्ड्यात होता. गिअरमागं पान्हा पडला होता, तो काढायला उतरला होता."

आईनं तोंडावर हात ठेवला.

"चौथ्या वेळी कापलं कुणी?" मुलीनं विचारलं.

"मी."

साहेबांनी हातातल्या कटरकडे पाहिलं.

"कागदावर अपघात म्हणून लिहिलं. माझं नाव कुठं आलं नाही, मीही सांगितलं नाही. साहेबांनी सांगितलं म्हणून कापलं, असं मनाला समजावत राहिलो." मिस्त्री मुलीकडे वळले. "तू आज कुणाला मारलं नाहीस, पोरी. कुलूप राहिलं तर काम अडतं, माणूस मरत नाही. पण हिचं कुलूप काय, नेहमीच राहतं, असं एकदा लोकांच्या तोंडी बसलं ना, की लोक तुला शोधायचं सोडून देतात. आणि मग एक दिवस तू खरोखरच आत असतेस."

मुलगी हमसून हमसून रडायला लागली. आईनं तिला जवळ घेतलं, पण या खेपेला मिस्त्रींपुढे पदर पसरला नाही. थोड्या वेळानं तिनं एवढंच विचारलं, "मग नोकरी?"

"या वर्षी नाही. दुसऱ्या मुलाचीही वही भरलीय, त्याला द्या जागा. हिला आणखी सहा महिने माझ्या हाताखाली ठेवा, साहेब. शाळेशी मी बोलतो. पुढच्या वर्षी जागा निघेल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

साहेबांनी कटर अजून हातातच धरला होता. त्यांनी तो कोपऱ्यात ठेवला. "येऊ द्या," म्हणाले, आणि निघून गेले.

मुलीनं चष्मा पुसला. वही ओढून आजच्या पानावर लिहायला लागली. लिहून झाल्यावर वही त्यांच्यापुढे सरकवली. 'तेलाची गळती थांबवली. जाताना माझे कुलूप काढायला विसरले. त्यामुळे यंत्र पाच ते साडेसहा बंद.' मिस्त्रींनी सावकाश वाचलं. 'साडेसहा' खोडून 'सहा चाळीस' केलं आणि खाली सही केली.

मग त्यांनी पेन ठेवलं नाही. त्याच पानावर, आपल्या सहीच्या खाली, आणखी एक ओळ लिहिली: 'सर्व कुलपे निघाली की नाही हे पाहणे माझे काम होते. ओव्हनकडे बोलावले म्हणून न पाहता गेलो.' वही त्यांनी मुलीकडे फिरवली.

"याच्याखाली तू सही कर."

"मी?" ती घाबरली. "काका, तुमच्या चुकीखाली मी कशी करू?"

"कुणीतरी करायला हवी," मिस्त्री म्हणाले.

तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली.