डावीकडची जहाजं

मी टीव्हीखालच्या फळीवरून बोलतोय. काळा, चपटा, जाडजूड पुस्तकाएवढा, पुढे एक निळा दिवा. दुकानात माझं नाव गेम कन्सोल होतं. या घरातल्या बाई मला नुसतं डबा म्हणतात. एके काळी माझ्यावर आरोप होता की मी बिघडलोय. आरोप खोटा होता. पण तो खरा असता तर किती बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी मला जोडलं, तपासलं आणि पाठीवर शिक्का मारून खोक्यात घातलं. पुढचं मला फारसं आठवत नाही. खोक्यात सगळेच दिवस सारखे असतात. झाकण उघडलं तेव्हा समोर एका मुलीचा चेहरा होता आणि तिच्या मागे तिचे बाबा वाकून बघत होते.

बाबा नदीवरच्या फेरीबोटीचे कप्तान. या काठाची माणसं, सायकली, गाड्या त्या काठाला न्यायच्या आणि तिकडची इकडे आणायची, यात त्यांचं आयुष्य गेलेलं. सारा धक्का त्यांना कप्तान म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. नदीला पूर आला की बोट बंद राही आणि कप्तान घरात येरझाऱ्या घालून सगळ्यांना वैताग आणत. त्यावर उतारा म्हणून तिने मला आणलं होतं. बाई, म्हणजे कप्तानांची बायको, म्हणाल्या, एक माणूस आवरत नव्हता, आता त्याला जोडीला डबा.

पहिल्या दिवशी कप्तानांनी कंट्रोलर असा धरला, जसं सुकाणूच हातात आलंय. लेकीने त्यांना रोल-प्लेइंग गेम लावून दिला. त्यात आपण एक माणूस निवडायचा, त्याचं सोंग घ्यायचं आणि त्याच्या पायांनी जग फिरायचं. ती म्हणाली, योद्धा घ्या. कप्तानांनी पांढऱ्या दाढीचा भटका वैद्य घेतला. वाटेत भेटेल त्याच्याशी ते थांबून बोलत आणि निघताना पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणत, “बरं, येतो मग.” तिकडे राक्षस राज्य गिळायला निघालाय आणि इकडे एका म्हातारीची कोंबडी हरवली, तर कप्तान राक्षसाला ताटकळत ठेवून आधी कोंबडी शोधणार. लेक हसून हसून लोळायची.

पण ते खरे रमले डावपेचांच्या खेळात. बेटांचा नकाशा, बंदरं, गोदामं, जहाजांचे ताफे. धान्य कुठून न्यायचं, वारा कुठला, शत्रू कुठून येईल, सगळं आधी मनात मांडून मगच ते बटण दाबायचे. लेक घाईची. ती हल्ला करून मोकळी व्हायची आणि हरायची. मग कप्तान तिला समजावत, की लढाई जिंकायची असते ती कोठारात, मैदानात नुसता निकाल लागतो. त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या. मला वाटलं होतं, असंच चालणार.

मग एकदा शत्रूने त्यांचं पश्चिमेचं बंदर जाळलं. ताफा चांगला मोठा होता आणि लपतछपत नाही, उघडउघड आला होता. कप्तान तिकडे बघतच होते, पण त्यांनी काहीच केलं नाही. बंदर पेटल्यावर म्हणाले, ही जहाजं आली कुठून?

मला वाटलं, दमलेत. लेकीलाही तेच वाटलं. पण पुढच्या डावात तेच झालं आणि त्याच्या पुढच्याही. मोकळ्या समुद्रातलं एकटं जहाज त्यांना बरोबर दिसे, पण गर्दीतलं दिसत नसे. पडद्यावरचा मजकूर वाचताना ओळ हातातून निसटल्यासारखी ते परत परत पहिल्या शब्दावर येत. एके दिवशी वैतागून त्यांनी कंट्रोलर ठेवला आणि म्हणाले, डबा बिघडलाय, चित्रं गाळतोय.

बाई आतून म्हणाल्या, “नाचता येईना अंगण वाकडं.”

सगळे हसले. कप्तानही हसले. मला मात्र त्या हसण्यात काहीतरी खुपलं, कारण मी एकही चित्र गाळलं नव्हतं.

मला दुरुस्तीला नेलं. कारागिराने माझं पोट उघडलं, धूळ फुंकली, दिवसभर मला चालवून बघितलं आणि काही दोष नाही म्हणून परत दिलं. मग टीव्हीवर खापर फुटलं. मग चष्म्यावर. चष्मा तर समोरच्या मेजावर असताना ते घरभर शोधत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणत बाई तो उचलून हातात देत. चहाचा कप मेजावर ठेवायला जात, तो कडेबाहेर ठेवला जाई आणि फुटे. बाई तुकडे गोळा करत आणि बोलत नसत. आता मला कळतं, त्या बोलत नव्हत्या कारण त्यांना भीती वाटत होती.

त्याच दिवसांत कप्तान एका संध्याकाळी तणतणत घरी आले. एक मासेमारीची होडी बोटीच्या आडवी आली होती. धक्का लागून होडी कलंडली, होडीवाला पाण्यात पडला, त्याला ओढून काढलं. जीव वाचला. बंदराच्या कार्यालयाने कप्तानांना विचारलं, त्यांनी सांगितलं की होडी अचानक घुसली. इतक्या वर्षांत ज्यांच्या बोटीला ओरखडा नाही, त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? होडीवाल्याचा परवाना काढून घेतला.

“घारीची नजर आहे माझी,” कप्तान बाईंना म्हणाले. “होडी आधीपासून तिथे असती तर दिसली नसती का?”

मी फळीवर होतो. मला वाचा नाही. असती तर मी त्याच क्षणी ओरडलो असतो.

शेवटी लेकीने त्यांना दुकानात नेऊन डोळे तपासले. त्या दोघांचं त्याबद्दलचं बोलणं मी नंतर ऐकलं. एकेक अक्षर दाखवलं तर कप्तान शेवटच्या बारीक ओळीपर्यंत अचूक सांगत होते. डोळे ठणठणीत होते. कप्तान खूश झाले. लेक खूश झाली नाही. घरी आल्यावर तिने मला सुरू केलं. 

तिने बेटांचा नकाशा लावला. स्वतः खेळून तिने काही जहाजं एका बाजूला नेली, काही दुसऱ्या बाजूला, आणि खेळ थांबवून ठेवला. पडद्यावर काही हलत नव्हतं. मग तिने बाबांना हाक मारली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“बाबा, उजवीकडे काय आहे?”

“दोन जहाजं. एकाचं शीड फाटलंय.”

“आणि डावीकडे?”

कप्तानांनी नीट बघितलं. पुढे वाकून बघितलं. म्हणाले, “समुद्र.”

तिथे तीन जहाजं होती. मी ती दाखवत होतो, माझ्या परीने जितकी ठळक दाखवता येतील तितकी. बाई पुढे आल्या आणि त्यांनी कप्तानांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यावरूनच कप्तानांना कळलं.

“किती आहेत?” त्यांनी विचारलं.

“तीन,” लेक म्हणाली. आणि मग जे विचारू नये असं तिला वाटत होतं, ते तिने विचारलं. “बाबा, ती होडी कुठल्या बाजूने आली होती?”

 कप्तानांचा हात आपोआप त्यांच्या डाव्या गुडघ्यावर गेला.

मग ते म्हणाले की उद्या बाजाराचा दिवस आहे, बोटीवर पाय ठेवायला जागा नसते, ऐनवेळी बदली कप्तान मिळायचा नाही. उद्याच्या फेऱ्या करतो, परवा जाऊन सांगतो. पलीकडच्या काठापर्यंतचं मला सगळं पाठ आहे, डोळे मिटून नेईन.

“ठीक आहे,” लेक म्हणाली. “मग मीही येते. डाव्या बाजूच्या कठड्याशी उभी राहते.”

बाईंनी पदर तोंडाला लावला. कप्तान लेकीकडे बघत राहिले. ती रागावली नव्हती, धमकावतही नव्हती. ती खरंच उभी राहिली असती. त्यांनी भिंतीचा आधार घेत उठून फोन उचलला. आकडे त्यांना सापडेनात, तेव्हा बाईंनी लावून दिला. उद्या बोट सुटणार नाही, एवढंच ते बोलले.

सकाळी ते कार्यालयात गेले. डावीकडचं दिसत नाही हे सांगितलं आणि होडीचंही सांगितलं. माझीच चूक होती, असं लिहवून घेऊन खाली सही केली. सही ओळीवर पडली नाही, लेक सांगत होती. डॉक्टरांनी तपासण्या करून मग समजावलं, की डोळे बघतात, पण बघितलेल्याचा अर्थ लावणारा मेंदूचा भाग झिजतोय. औषधाने वेग कमी होईल कदाचित. परत येणार काही नाही.

होडीवाल्याला परवाना मिळाला. एकदा तो घरी आला. मला वाटलं, आभार मानेल, निदान दोन गोड शब्द बोलेल. तो खुर्चीच्या टोकावर बसला, चहा घेतला, आणि खाली बघत म्हणाला, “माझा भाऊ त्याच बोटीने रोज कामाला जायचा. पोरांना घेऊन. तुम्ही किती दिवस असं चालवत होता, कप्तान?”

 याचं थोडंसं उत्तर माझ्याकडे होतं. पहिलं बंदर जळालं ती संध्याकाळ मला आठवत होती. होडी कलंडली त्याच्या कितीतरी आधीची ती. तोवर त्यांनी किती फेऱ्या केल्या, किती वेळा कुणीतरी ऐनवेळी बाजूला सरलं म्हणून वाचलं, याचा विचार आला की माझ्यातली वीज गार पडते.

आता डावपेचांचे खेळ बंद आहेत. कप्तान संध्याकाळी माझ्यासमोर बसतात, कंट्रोलर लेकीच्या हातात असतो. पडद्यावर काय आहे ते ती सांगते, काय करायचं ते ते ठरवतात. हल्ली त्यांना एकच जागा आवडते. एका नव्या खेळात डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. तिथे घण वाजतो, पाणी वाहतं, बायका एकमेकींना हाका मारतात. कप्तान डोळे मिटून ते ऐकतात. आवाज त्यांना अजून सगळे सापडतात.

लेकीने तो खेळ एकटीने पुढे खेळून बघितलाय. वेशीवर खाकरत उभ्या असलेल्या पहारेकऱ्याशी बोललं की त्या रात्री गाव जळतं. वाचवायचा काही उपाय नाही, कथाच तशी आहे. म्हणून ती पहारेकऱ्याकडे जातच नाही. रोज तेच गाव, तेच पाणी, तोच घण. कप्तान विचारतात, आज वेशीकडे जायचं का? ती म्हणते, उद्या जाऊ.

माझा पंखा हल्ली खरखरतो. मध्येच मी बंद पडतो, मग ती मला हलक्या हाताने परत सुरू करते. मी काही फार दिवसांचा सोबती नाही, हे तिलाही कळलंय. म्हणून जाता जाता तुम्हाला एकच सांगतो. तुमच्या घरात कुणी म्हणालं की डबा बिघडलाय, टीव्ही बिघडलाय, चष्मा बदलायला हवा, तर आम्हाला जरूर तपासा. पण आमच्यात काही सापडलं नाही, तर हसू नका. त्या माणसाजवळ बसा आणि विचारा, तुला काय दिसतंय?

पायऱ्या वाजल्या. लेक कामावरून आली. आता ती मला सुरू करेल आणि गावात घण वाजू लागेल. काल कप्तान म्हणाले, वेशीपाशी कुणीतरी उभं आहे, कधीपासून खाकरतंय. उद्या आपणच जाऊन विचारू. तो उद्या म्हणजे आजच.