धबधब्याखाली दोन व्याही

माझ्या सासऱ्यांना मार्मोरेच्या धबधब्याचा एवढा गर्व, की ऐकणाऱ्याला वाटावं तो कडा त्यांनीच सुट्टीच्या दिवशी बसून फोडला. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला त्यांनी मला विचारलं होतं, "आमच्या तेर्नीत धबधबा आहे. तुमच्या पोत्सुओलीला काय आहे? गंधकाचा वास?" मी म्हटलं, समुद्र आहे. तर म्हणतात कसे, "समुद्र काय, पडूनच असतो. पडून राहायला काय अक्कल लागते?"

सेत्तिमिओ त्यांचं नाव. सगळी नोकरी पोलादाच्या भट्टीसमोर गेली, आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हातात काठी असते, आणि ती चालायला कमी अन् बोलताना नाचवायला जास्त लागते. माझे बाबा, आनिएल्लो, पोत्सुओलीच्या मासळी बाजारात लिलाव पुकारायचे. आई गेल्यापासून एकटेच राहतात, स्वतः रांधतात, आणि आवाज अजून तसाच आहे. साधं "मीठ द्या" म्हणाले तरी शेजारचा दचकतो. असे हे दोन व्याही. देवानं जोड्या स्वर्गात जुळवल्या असतील, पण व्याही जुळवताना त्याला डुलकी लागली असावी.

मला सातवा महिना होता. मुलगा आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि दोन्ही घरांत ठिणगी पडली. आमच्यात पहिल्या नातवाला आजोबाचं नाव देतात, बापाच्या बापाचं. सेत्तिमिओ म्हणत, रीत म्हणजे रीत. बाबा म्हणत, रीत होती तेव्हा मुली सासरच्या भाकरीवर जगायच्या. माझी मुलगी स्वतः कमावते, तेव्हा नाव आनिएल्लो.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, दारिओ. दोन्ही घराण्यांत कुणी दारिओ नाही. त्या नावाचा दारुडा काका नाही, चिक्कू मामा नाही, कुठल्या थडग्यावर ते कोरलेलं नाही. माझ्या पोरानं कुणाचा तरी उसवलेला कोट अंगावर घालून जगात येऊ नये, एवढंच मला हवं होतं. आणि ते मला फार मनापासून हवं होतं.

शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. एलिदेबाई कमी बोलतात, पण बोलल्या की घरातलं मांजरही ऐकतं. "दोघं मिळून एक नाव सांगा. एकमत झालं तर तेच ठेवायचं. नाही झालं तर नुंत्सिया ठरवेल." नुंत्सिया म्हणजे मी. तेव्हापासून, लोक देवाकडे घरात शांतता मागतात, मी भांडण मागत होते.

मे महिन्यातल्या एका रविवारी बाबा गाडीनं आले. फिकट रंगाचा सूट, पॉलिश केलेले बूट, आणि मांडीवर टेबलक्लॉथमध्ये बांधलेला वांग्याच्या पार्मिजानाचा ट्रे. रोमला गाडी बदलली तरी तो ट्रे त्यांनी खाली ठेवला नव्हता. सेत्तिमिओंनी स्टेशनवरच जाहीर केलं, "व्याहीबुवा, आज तुम्हाला खरं पाणी दाखवतो."

आता मार्मोरेचं गुपित असं, की तो धबधबा नळासारखा चालू-बंद होतो. वरचं पाणी एरवी विजेच्या कामाला जातं. ठरलेल्या वेळी दारं उघडतात, आधी भोंगा वाजतो, आणि मग जे काही कोसळतं त्याला तोड नाही. तेर्नीतल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं. बाबांना ठाऊक नव्हतं. आणि सेत्तिमिओंनी मला नि माझ्या नवऱ्याला, वालेरिओला, गाडीत बसण्याआधी दम भरला होता, "तोंड उघडाल तर याद राखा."

आम्ही पोचलो तेव्हा पाणी बंद होतं. समोर एवढा मोठा काळा ओला कडा, त्यावर शेवाळं, आणि मधूनच एक बारीकशी धार. बाबा बराच वेळ मान वर करून बघत राहिले. मग त्यांनी ट्रे एका दगडी बाकावर ठेवला आणि रुमालानं डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं.

"हाच का तो? अहो, माझ्या न्हाणीघरात याहून जास्त गळतं! प्लंबरला बोलावलंत का?"

"हसा," सेत्तिमिओ शांतपणे म्हणाले. त्यांना हेच हवं होतं.

"आणि ही मंडळी भर उन्हात रेनकोट घालून का बसलीत?"

"उत्तरेकडची आहेत. त्यांना ऊन सोसत नाही."

बाबांना ते लगेच पटलं. उत्तरेकडच्या लोकांबद्दल त्यांना काहीही सांगा, पटतं.

"व्याहीबुवा," सेत्तिमिओंनी काठी कड्याकडे रोखली, "हे पाणी माझं ऐकतं. मी उभा राहून तीन टाळ्या वाजवल्या की ते येतं."

"आणि माझ्या शिट्टीवर व्हेसुव्हिअस नाचतो."

"लावता पैज?"

"कशावर?"

"नातवाच्या नावावर. पाणी आलं तर सेत्तिमिओ. नाही आलं तर आनिएल्लो. आणि मग त्यावर दोघांचं एकमत."

बाबांनी हात पुढे केला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. पैज तर पैज.

बाबांना बाजूला घेऊन खरं सांगावं, असं आधी वाटलं. पण मग त्यांनी सेत्तिमिओंना वेळेआधीच टाळ्या वाजवायला लावून पैज उलटवली असती, आणि माझ्या पोराच्या गळ्यात आनिएल्लो पडला असता. इकडे आड तिकडे विहीर. मला कुणी जिंकायलाच नको होतं. म्हणजे भोंगा वाजून लबाडी उघडी पडेपर्यंत सेत्तिमिओंच्या टाळ्या वाजता कामा नयेत.

सेत्तिमिओ घड्याळावर डोळा ठेवून होते. त्यांची वेळ जवळ येत चालली होती हे मला त्यांच्या मिशीवरून कळत होतं. ते उत्साहात आले की मिशी आधी उभी राहते. त्यांचा एक कच्चा दुवा मला माहीत होता. बाबांच्या हातची पार्मिजाना त्यांना जिवापाड आवडते. कबूल कधीच करत नाहीत. "जरा तेलकट आहे," म्हणतात आणि तिसऱ्यांदा घेतात.

मी टेबलक्लॉथ सोडला. वांगी, टोमॅटो, चीज यांचा तो वास सुटला आणि सेत्तिमिओंची नजर घड्याळावरून घसरली.

"पापा, एक घास? उपाशीपोटी कशाला टाळ्या वाजवता?"

"नंतर."

"नंतर वालेरिओ संपवेल."

वालेरिओ हुशार आहे असं मी कधी म्हणणार नाही, पण त्या दिवशी तो शोभला. बोलल्याबरोबर काटा घेऊन पुढे आला. सेत्तिमिओ कासावीस झाले. मी केवढा तरी मोठा तुकडा कापला, त्यांच्या डाव्या हातात ट्रेचं झाकण ताटलीसारखं दिलं, उजव्या हातात काटा दिला. काठी बगलेत. टाळ्या वाजवायला माणसाला हात लागतात ना! त्यांनी अख्खा तुकडा एकदम तोंडात कोंबला, गाल फुगले, आणि नेमका तेव्हाच भोंगा वाजला.

इथे माझी चूक झाली. चार वर्षं तेर्नीत राहून मी विसरले होते, की पोत्सुओलीच्या माणसाला भोंगा ऐकवायचा नसतो. आमच्या गावाची जमीन श्वास घेते. वर येते, खाली जाते, मधूनच हादरते. बाबांच्या मासळी बाजारात एक जुना भोंगा होता. हादरा बसला की रखवालदार तो वाजवायचा. भोंगा झाला की नियम एकच. भिंतीपासून लांब, मोकळ्यावर पळायचं, आणि ज्याला पाय आहेत त्यानं बिनपायाच्याला उचलायचं. लहानपणी मी बाबांना शेजारच्या लठ्ठ दोन्ना इमाकोलाताला खुर्चीसकट उचलून नेताना पाहिलंय.

"भूकंप!" बाबा ओरडले. लिलावाच्या आवाजात. रेनकोटवाले सगळे एकदम उभे राहिले. "वालेरिओ, नुंत्सियाला धर! कड्यापासून लांब! एलिदेबाई, चला!"

"अहो बाबा, ते पाणी—"

ऐकतंय कोण? त्यांनी एकदा कड्याकडे पाहिलं, एकदा सेत्तिमिओंकडे, त्यांच्या गुडघ्याकडे. मग वाकले आणि पोलाद कारखान्याच्या त्या आडदांड म्हाताऱ्याला पोत्यासारखं पाठीवर घेतलं. सेत्तिमिओंच्या तोंडात अजून वांगं होतं. "म्म! म्म!" करत ते काठीनं हवेत काहीतरी लिहीत होते. बाबांना वाटलं, घाबरलाय बिचारा.

"घाबरू नकोस, सेत्तिमिओ! धर मला! सोडणार नाही मी तुला!"

आणि पॉलिश केलेल्या बुटांनिशी बाबा पळाले. झाडं नाहीत, भिंत नाही, डोक्यावर काही नाही, अशी सगळ्यांत मोकळी जागा त्यांनी एका नजरेत हेरली. ती होती अगदी पुढची, कठड्याजवळची. रेनकोट घातल्याशिवाय जिथे कुणी शहाणा माणूस उभा राहत नाही, ती.

सासूबाईंनी पर्समधून छत्री काढून उघडली.

मग पाणी आलं. वरून आधी नुसता आवाज आला, आणि मग अख्खं पांढरं आभाळच कड्यावरून खाली कोसळलं. तुषारांचा लोट कठडा ओलांडून आला आणि दोन्ही व्याही त्यात दिसेनासे झाले. एवढंच ऐकू आलं, की सेत्तिमिओंनी शेवटी वांगं गिळलं होतं.

"अरे गाढवा! पाणी आहे ते! माझं पाणी आहे!"

"हो, हो, पाणी! पण तू धरून ठेव!"

थोड्या वेळानं ते बाहेर आले. बाबांचा सूट अंगाला चिकटला होता, एक बूट गेला होता, आणि सेत्तिमिओ अजून पाठीवरच होते. बाबा त्यांना खाली ठेवायला तयार नव्हते. रेनकोटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही हसत होतो, वालेरिओ तर जमिनीवर बसून. मलाही पोट दुखेपर्यंत हसू आलं, आणि त्या हसण्यातच मला रडू फुटलं. बाबांनी कुणाला उचललं होतं ते आता मला कळत होतं. ज्याच्याशी पैज लावली होती, त्यालाच.

जवळच्या बारमध्ये मालकानं टॉवेल दिले आणि दोघांपुढे ग्राप्पाची कडक दारू ठेवली. सगळा उलगडा झाला. बाबा आधी लालबुंद झाले, मग त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा. दोघंही ओल्या मांजरांसारखे बसून होते. पैजेचं काय, असं विचारायची कुणाला हिंमत होईना. टाळ्या वाजल्याच नव्हत्या, तेव्हा निकालही नव्हता. मी मनात म्हटलं, सुटले.

पण सेत्तिमिओंनी ग्लास खाली ठेवला. "पोराचं नाव आनिएल्लो ठेवा. या माणसानं स्वतःच्या मुलीला दुसऱ्यावर सोपवून मला उचललं."

"छे छे," बाबांनी डोळे पुसले, या वेळी खरोखरच. "सेत्तिमिओच. रीत आहे ती तुमची. मी उगाच आडमुठेपणा केला."

"नाही, आनिएल्लो."

"नाही, सेत्तिमिओ."

"दोन्ही ठेवा की," सासूबाई म्हणाल्या. "जोडनाव."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चेहरे फुलले. बाबा उठले, सेत्तिमिओही काठीशिवाय उठले, आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. बारचा मालकसुद्धा गहिवरला. आणि माझ्या दारिओवर पाणी फिरलं. एवढ्या भांडखोर म्हाताऱ्यांचं शेवटी एकमत झालं, तेही प्रेमानं! याहून वाईट काय असणार?

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "पहिलं कुठलं?"

मिठी सैल झाली.

"अर्थात आनिएल्लो," सेत्तिमिओ म्हणाले.

"नाही हो, सेत्तिमिओ आधी."

"मी सांगतोय ना, तुमचं आधी."

"माझं नाव मागे चालतं, मी काही लहान होत नाही."

"म्हणजे मी मागे गेलो की लहान होतो? काय वाईट आहे तुमच्या नावात, की तुम्ही ते लपवता?"

"माझ्या नावात वाईट? माझ्या नावात?" बाबांचा आवाज बाजारात पोचला. "मी मोठेपणानं मागे राहतोय, तर हा माणूस माझ्या नावाला नावं ठेवतो!"

"मोठेपणा! मला पाठीवर घेतलं म्हणून आता जन्मभर ऐकवणार का?"

"ऐकवीन! आणि खरं कारण ऐकायचंय? तिथे मेला असतास ना, तर मेलेल्या आजोबाचं म्हणून तुझंच नाव ठेवावं लागलं असतं! म्हणून उचलला तुला!"

सेत्तिमिओंच्या मिशीतून पाणी गळत होतं. मग ती मिशी हलली, खांदे हलले, आणि ते हसायला लागले. असे हसले, की खुर्ची धरावी लागली. बाबाही हसले. पण मी त्यांची मुलगी आहे. खोटं बोलताना ते उजवा कान चोळतात, आणि तो कान लाल झाला होता.

"एकमत नाही," सासूबाई म्हणाल्या. "नुंत्सिया, सांग."

"दारिओ."

बाबांनी संशयानं विचारलं, "तुमच्याकडे कुणी दारिओ?"

"कुणी नाही. तुमच्याकडे?"

"मुळीच नाही. शपथ घ्या."

"एलिदेची शपथ."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले, आणि सेत्तिमिओंनी मान डोलावली. आपलं नाव गेलं याचं दुःख दोघांनाही दिसलं नाही. समोरच्याचं लागलं नाही, त्यातच दोघं तृप्त होते.

बाहेर पाणी कोसळत होतं. बाबांनी वाकून सेत्तिमिओंचा ओला मोजा पिळून दिला, आणि सेत्तिमिओंनी तो पिळला कसा यावरून त्यांना सुनावलं. माझ्या पोराला नाव कोरं मिळालं होतं. आजोबा मात्र जुनेच, दोघंही, आणि ते मला बदलून नकोही होते.