काळ्या रंगाखालची भेग

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. लाकडी नव्हे बरं का, भिंतीतलाच. वडीगोद्रीजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत १९८२ साली रामराव गवंड्याने सिमेंट घोटून मला घडवले. "आता शंभर वर्षं हालत न्हाई," असे तो थाटात म्हणाला होता. पण खाली पडली काळी माती! उन्हाळ्यात ती फाटते, पावसाळ्यात फुगते. चारच वर्षांत माझ्या पोटात भेग गेली.

आमच्याकडे शाळेची तपासणी जवळ आली की मुले बॅटरीचे जुने सेल फोडतात. त्यातला काळा भुगा कारल्याच्या पाल्यात वाटून मला फासतात. मग मी असा तुकतुकीत दिसतो की साहेब म्हणतात, "वा! फळा असावा तर असा!" पूर्वी हे ऐकून मी हुरळून जायचो. आता मला धडकी भरते, कारण त्या रंगाखाली भेग बोटभर रुंद झाली आहे.

भुजंग सर इंग्रजी शिकवतात. माझ्यावर दोन वाक्ये लिहायची, मुलांनी त्यांचे एक करायचे. कधी अर्धेच वाक्य लिहायचे, मुलांनी ते पुरे करायचे. सातवीतली मैमूना यात सर्वांत हुशार. बिचारीला लांबचे दिसत नाही, म्हणून ती अगदी माझ्या पायाशी बसते. तिच्या ओढणीवर माझी माती झडते तेव्हा माझा जीव खालीवर होतो.

एकदा लिहिता लिहिता तिचा खडूच आत गेला. ती घाबरून म्हणाली, "सर, भिंत फाटून राह्यली."

"तपासणी होऊन जाऊ दे, मंग बघू," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्यावर काळ्या रंगाचा आणखी एक हात फिरवला.

तपासणीला साहेबांनी नेमके मैमूनालाच उठवले. "तुझ्या मनाची दोन वाक्यं जोडून दाखव."

तिने सर्वांदेखत लिहिले, 'द वॉल इज ब्रेकिंग, बट वुई सिट हिअर.' भिंत फुटते आहे, पण आम्ही इथेच बसतो. मला वाटले, सुटलो बुवा एकदाचा!

"बिलकुल बराबर!" साहेब खूश झाले. "काय छान जोडलंस!"

टाळ्या झाल्या. मंडळी जेवायला गेली. सरांना इतका अभिमान वाटला की त्यांनी ते वाक्य कुणाला पुसू दिले नाही.

मित्रांनो, ते अजून माझ्यावर आहे. दोन दिवस पावसाची झड लागली आहे आणि खालची माती फुगते आहे. आताच घंटा झाली. मैमूना आली, दप्तर ठेवून आपल्या जागेवर बसली.

मला आता रंगवू नका. आधी तिला हाक मारा, तिथून उठवा.