दोन टिचक्या

थोरल्या नातीचा पहिला दात पडला, त्या वर्षीची गोष्ट. सुनेने पिंपाचे झाकण उचलले, वाकून वास घेतला आणि झाकण बाजूला ठेवताना त्यावर बोटाने एक टिचकी मारली. मागून सासरा आला. डोळे मिटून त्याने पिंपावर नाक धरले.

"गोड आहे. पूड घाला."

कुत्र्यांचे खाणे बनवणाऱ्या त्या कारखान्यात ताज्या चरबीला गोड म्हणत आणि खवट झाली की 'गेली' म्हणत. खवटपणा रोखणारी पूड गोड चरबीलाच राखते. गेलेलीला कशानेच परत आणता येत नाही. म्हणून पूड घालण्याआधी प्रत्येक पिंपाचा वास घ्यायचा. तीस वर्षे ते काम सासऱ्याकडे होते. सगळे त्याला नाकवाले काका म्हणत. दोन वर्षांमागच्या तापात त्याचे नाक मेले, हे मात्र एकट्या सुनेला ठाऊक होते. तिला त्यानेच शिकवले होते: खवटपणाची सुरुवात नाकाला लागत नाही, घशाच्या मागे लागते. आता पिंपे पुसायच्या निमित्ताने ती पुढे चाले. एक टिचकी म्हणजे गोड, दोन म्हणजे गेली.

सातव्या महिन्यात सुनेच्या भावाचा घरी फोन आला. आईचे काही खरे नाही, बहिणीला लगेच पाठवा. फोन सासऱ्याने घेतला. त्या आठवड्यात मोठा माल निघायचा होता. "सांगतो," म्हणाला, आणि सांगितले नाही. चौथ्या दिवशी भावाने कारखान्यातच फोन केला, तेव्हा सगळे उरकले होते.

"मामा, मला का नाही सांगितलंत?"

"तू जाऊन ती काय उठून बसणार होती? इथं माझं कोण बघणार होतं?"

ती माहेरी गेली. तेवढे दिवस सासऱ्याने पाठ धरल्याचे सांगून रजा काढली. पाचव्या दिवशी ती परत आली आणि फडके घेऊन कामाला लागली. एकाच टँकरमधून आलेली बारा पिंपे होती. मालक शेजारी उभा होता.

पहिल्या झाकणावर तिने दोन टिचक्या मारल्या.

सासरा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे त्याला पक्के माहीत होते. चांगली चरबी आपल्या हातून फेकायला लावून ही आपल्याला तोंडघशी पाडणार. तो गालात हसला.

"गोड आहे."

बाराही झाकणांवर दोन-दोन टिचक्या वाजल्या. बाराही वेळा तो गोड म्हणाला.

तीन आठवड्यांनी पोती परत आली. मालकाने त्याला अंगणात बोलावले, एक पोते फाडले आणि मूठभर दाणे राखणदाराच्या कुत्र्यापुढे टाकले. कुत्र्याने हुंगले आणि ते सावलीत जाऊन बसले.

"काका, याला कळलं. तुम्हाला नाही कळलं."

मग मालकाने दोन पेले मागवले. "यातलं एक पाणी, एक रॉकेल. पाणी कुठलं?"

सासऱ्याने बराच वेळ हुंगले आणि डावीकडचा पेला दाखवला.

"नक्की? प्या मग."

कामगार हसले. सासऱ्याने पेला ओठांपर्यंत नेला, तेव्हा मालकाने तो काढून घेतला. सून फडके पिळत उभी होती. संध्याकाळपर्यंत मालकाने तिचे नाक पारखले आणि त्याची जागा तिला मिळाली.

घरी तिने त्याच्यापुढे ताट ठेवले. तो खाली बघत म्हणाला,

"त्या दिवशी तू खरं वाजवलं होतंस?"

"मी रोज खरंच वाजवत होते, मामा."

त्याने घास उचलला आणि परत ताटात ठेवला. ती नातीची वेणी घालायला आत गेली.

सुनेची आई त्या वर्षी सातव्या महिन्याच्या चार तारखेला वारली. सासरा अकराव्या महिन्याच्या नऊ तारखेला, दुपारी, सून कामावर असताना वारला.