आमची गाडी पेणलाच आडवी जाते

पहिलंच सांगून टाकतो, पन्नाशीच्या माणसानं रिमोटची गाडी घेऊन खेळावं असं माझंही मत नव्हतं. माझा पेणला गणपतीचा कारखाना. खाली कारखाना, वर घर. लोक हैबतराव म्हणतात आणि जरा जपूनच म्हणतात, कारण माझं डोकं लवकर तापतं. असल्या माणसानं गुडघ्यावर बसून खेळण्याच्या चाकात हवा कमी आहे का ते दाबून बघायचं, शोभतं का? त्या चाकांत हवा नसतेच, टायर कडक प्लास्टिकचे असतात. हे मला दुकानदाराला फोनवर शिव्या घालून झाल्यावर कळलं.

हे सगळं बायकोमुळे झालं. म्हणजे माझ्यामुळेच, पण तेव्हा मी असं म्हणत नव्हतो.

वैशालीला खोकला लागला होता. रात्री झोप नाय, जिना चढली की दम. डॉक्टर म्हणाला, मूर्ती घासताना प्लास्टरची धूळ उडते ती छातीत जाते. यांना काही महिने घरापासून लांब ठेवा आणि घासकाम घराखालून हलवा. मी त्याला तिथंच विचारलं, "धूळ? कुठाय धूळ?" अहो, रोज संध्याकाळी झाडू मारतो आम्ही. माझा बाप त्याच फरशीवर मांडी घालून जेवायचा. वडखळच्या रस्त्याला माझी शेड रिकामी पडली होती, घासकाम तिकडं न्यायला कुणी माझा हात धरला नव्हता. पण परवा आलेला डॉक्टर सांगणार आणि मी कारखाना हलवणार? हट्!

मग वैशाली बॅग भरून बहिणीकडं गेली. तिची बहीण प्रतिक्षा रोह्याला राहते, वरसे गावात नवीन बिल्डिंगा झाल्यात तिथं. जाताना म्हणाली, "घासकाम हलवा, मी परत येते." मी म्हटलं, "तुला बहिणीकडं राहायचंय, असं सरळ सांग ना." तिकडं गेल्यावर तिचा खोकला थांबला. फोनवर मला ते ऐकू यायचं आणि आनंद व्हायच्या ऐवजी रागच यायचा. माझ्या घरात खोकते आणि बहिणीच्या घरात हसते, हा काय प्रकार?

एका रविवारी तिला भेटायला गेलो, तर बाईसाहेब घरात नाय. खाली सोसायटीच्या हॉलमध्ये. तिथं काळ्या लादीवर पट्ट्या चिकटवून वळणावळणाचा रस्ता केलेला आणि चार मोठी माणसं रिमोट घेऊन गाड्या पळवत होती. पळवत कसल्या, आडव्या घसरवत होती. गाडीचं तोंड एकीकडं, गाडी जाते दुसरीकडं. याला ड्रिफ्टिंग म्हणतात. सगळ्यांत भारी होती एक पिवळी गाडी, एझ्रा रोहेकरची. एझ्रा ज्यू, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलाच. नातेवाईक सगळे इस्रायलला गेले, हा म्हणाला मला कुंडलिका नदीचं पाणी मानवतं, आणि राहिला. धाटावच्या कंपनीत सर्किटं बसवायचा, आता रिटायर. शनिवारी त्यांचा पाळायचा दिवस, रिमोटला हात लावत नाही, म्हणून यांचा सगळा खेळ रविवारी. पिवळी गाडी वळणावर आडवी झाली की माझी बायको टाळ्या वाजवायची. टाळ्या! तीस वर्षं मी मूर्तीचे डोळे आखतोय, लोक मुंबईहून बघायला येतात, माझ्यासाठी कधी वाजवल्या नाय.

घरी येऊन त्याच रात्री गाडी मागवली.

गाडीची बॉडी आली ती आरपार, काचेसारखी. रंग आपण द्यायचा. आता रंगाचं मला कोण शिकवणार? पहिला पांढरा हात, मग लाल, मग सोनेरी किनार, आणि शेवटी पुढच्या दिव्यांना सुंदर डोळे आखले, पापण्यांसकट. एझ्राला फोटो पाठवला. त्याचा फोन आला, आधी बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज. "हैबतराव, रंग आतून द्यायचा असतो! आधी बारीक काम, शेवटी पांढरा. बाहेरून दिलेला पहिल्या धक्क्याला उडेल." मी म्हटलं, आमच्याकडं देवाला बाहेरूनच रंगवतात. पहिल्या धक्क्याला उजवा डोळा उडाला.

मग सुरू झालं सेटिंग. कारखान्यात मधली जागा मोकळी केली, दोन्हीकडं कच्च्या मूर्ती, मध्ये माझा रस्ता. गाडीत जायरो नावाची एक डबी असते. गाडीचं ढुंगण घसरलं की ती पुढची चाकं आपोआप उलटी वळवते आणि गाडी सावरते. माझी गाडी सावरायचं नावच घेईना. जरा रेस दिली की भोवऱ्यासारखी जागच्या जागी गरगर. जायरो वाढवला, तर पुढची चाकं हिवताप आल्यासारखी थरथरायला लागली. कमी केला, परत गरगर.

शेवटी मान खाली घालून एझ्राला फोन केला. तो म्हणाला, "पकडीचे टायर लावा. बॅटरी मागं सरकवा, मागच्या चाकांवर वजन येऊ दे. मागची स्प्रिंग मऊ करा." सगळं केलं. थोडा फरक पडला. परत फोन केला.

"कमाल हाय," तो म्हणाला. "एवढी पकड देऊन घसरते? खाली तेलबिल सांडलंय काय?"

"माझ्या कारखान्यात तेल?"

"मग धूळ असेल."

"तुम्ही पण?" मी ओरडलो. "डॉक्टर झालात काय?" आणि फोन आपटला.

वजन आणखी मागं घातलं, टायर आणखी पकडीचे आणले. आणि एका संध्याकाळी जमलं की हो! गाडी वळणाला अशी आडवी गेली, की माझ्या तोंडातून शिट्टीच बाहेर पडली. फरशीवर टायरची काळी कमान उमटायची, एकदम गोल, मी कंपासनं काढावी तशी. सीताबाई आमच्याकडं साच्यांचं काम करते, तिला बोलावून दाखवली.

"बघ, टायरची खूण."

ती वाकून बघत म्हणाली, "शेठ, ही तर फरशी दिसते खालची. पुसून काढू का?"

"खबरदार हात लावशील तर!" मी म्हटलं. पांढऱ्या फरशीवर काळी रेघ उमटते आणि फरशी मुळात काळी आहे, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. बापानंच बसवली होती ती. पण डोकं वापरायचं नाय असं ठरवलं की माणूस फार पुढं जाऊ शकतो.

वैशालीला फोन लावला. "येत्या रविवारी एझ्राला हरवतो. बोल, काय देशील?"

ती हसली. "हरवा तर खरं. त्याच संध्याकाळी बॅग घेऊन पेणला येईन."

"घासकाम हलवलं नाय तरी?"

मग म्हणाली, "तरी. मला पण घर आठवतंच की ओ."

वैशाली शब्दाची पक्की, बोलली म्हणजे येणार. मला घर खायला उठत होतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन माणसांचा चहा ठेवायचो आणि एक ओतून द्यायचो. गणपती पोचवायचा टेम्पो धुतला, पुढच्या सीटवर चादर घातली आणि रविवारी गाडी पिशवीत टाकून रोह्याला निघालो.

हॉल भरला होता. प्रतिक्षाचा नवरा निकेश पंच. नियम साधा: एक गाडी पुढं आडवी जाणार, दुसरी तिला चिकटून तशीच आडवी. जी गरकन फिरेल नाहीतर पट्टीबाहेर जाईल ती हरली. चिठ्ठी टाकली, मी पुढं, एझ्रा मागं. वैशाली समोर खुर्चीवर बसली होती. भरलेली बॅग तिच्या पायाशी. तिचा चेहरा भरला होता, रंग आला होता, आणि मी मेला बघत होतो बॅगेकडं.

निकेशनं शिट्टी मारली. काय सांगू, गाडी अशी गेली! पहिलं वळण आडवी, दुसरं वळण आडवी. एझ्राची पिवळी माझ्या मागं वीतभर अंतरावर, माझ्याच रेघेवर. तिसऱ्या वळणाला ती रेघ पकडून तोसुद्धा आडवा झाला आणि त्याची गाडी गरगर फिरत थेट पट्टीबाहेर! तीस वर्षं सर्किटं बसवलेला माणूस, रिमोटकडं बघत राहिला.

"भाऊजी जिंकले!" प्रतिक्षा ओरडली. टाळ्या पडल्या. वैशालीनंही वाजवल्या. झालं, मला चढली. म्हटलं, आता एक फेरी नुसती शोभेची. रेस दिली.

गाडी सरळ गेली. वळवतोय, वळतच नाय. एसटी जाते तशी शिस्तीत सरळ जाऊन भिंतीवर आदळली. उचलून परत ठेवली. परत सरळ. चाकं लादीला अशी धरून, की आडवं जायचं नावच नको. दुसरा डोळापण उडाला.

एझ्रा मात्र माझ्याकडं बघत नव्हता. तो तिसऱ्या वळणावर उकिडवा बसला होता. लादीवर बोट फिरवून त्यानं बोट वर केलं. पांढरं. मग मी बघितलं. काळ्याभोर लादीवर माझ्या गाडीची पहिली फेरी पूर्ण उमटली होती. सुरुवातीला जाड पांढरी, मग फिकट, मग संपलेली.

"हैबतराव," तो हळूच म्हणाला, "तुम्ही गाडीचं सेटिंग धुळीवर बसवलंत. टायरला होती तोवर घसरली. धूळ संपली, आणि गाडी सरळ गेली. मी तुमच्या धुळीवर घसरलो." मग हसून पाठीवर थाप मारली. "पण नियमानं तुम्हीच जिंकलात. घेऊन जा वहिनींना."

कुठाय धूळ, म्हणून डॉक्टरवर ओरडलो होतो. ही इथं होती, पेणहून रोह्याला मी पिशवीत घालून आणली होती. मी म्हटलं लपवावी तरी. घाईघाईनं पिशवी उचलून झटकली, गाडी आत टाकायला. पिशवीतून पांढरा लोट निघाला. वैशाली बॅग घेऊन माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती.

ती खोकली.

साधा खोकला नाय. वाकून, बॅगेचा बंद घट्ट धरून. प्रतिक्षा पाणी आणायला धावली. मी पिशवी धरून तसाच उभा. एवढ्या महिन्यांत हा आवाज रोह्यात कुणी ऐकला नव्हता, मी येऊन अर्धा तास झाला आणि ऐकवला. एक गाडी जेवढी वाहून आणते तेवढ्यानं ही अवस्था, आणि मी हिला त्या अख्ख्या घरात न्यायला टेम्पो धुऊन आलो होतो.

दम परत आल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले. "चला," म्हणाली. "शब्द दिलाय."

"नाय," मी म्हटलं. "तू येऊ नकोस."

"का ओ? जिंकलात ना?"

"जिंकलो म्हणूनच सांगतो. उद्या घासकाम वडखळला जाईल. मग घर धुवीन, वरून खालपर्यंत, स्वतः. मग डॉक्टरला आणून दाखवीन. तो म्हणाला तर ये. नाय म्हणाला तर मी येतो इकडं राहायला." आवाज फाटला माझा, सगळ्या हॉलसमोर. "मला तू घरी पाहिजेस गो, पण अशी खोकत नको."

वैशालीनं बॅग खाली ठेवली. मग एकदम भडकली. "डॉक्टरनं सांगितलं तेव्हा नाय. मी रडून सांगितलं तेव्हा नाय. आणि एक खेळणं भिंतीवर आपटलं, तर पटलं?"

खरंच होतं. एझ्रा दुसरीकडं बघत लादी पुसायला लागला.

तिनं आपली बॅग उचलली, मला वर नेलं आणि दारातच अडवलं. "तिथंच थांबा. शर्ट काढून बाहेर ठेवा. आधी अंघोळ." एरवी मेव्हणीच्या दारात मला कुणी असं बोललं असतं तर मी बिल्डिंग डोक्यावर घेतली असती. मुकाट्यानं शर्ट काढला. प्रतिक्षानं निकेशचा शर्ट आणून दिला, त्याची बटणं पोटावर लागेनात, तसाच घालून जेवायला बसलो.

वैशालीनं मला वाढलं आणि माझ्या शेजारी बसली. ती जेवत होती, बोलत होती, बहिणीशी कशावरून तरी हसत होती. मी काय खाल्लं मला आठवत नाय. सारखा तिच्या श्वासाकडं कान लावून बसलो होतो.